माडांवरून गेलेली तार

आधीच सांगून टाकते. मी रत्नागिरीला समुद्र बघायला गेले नव्हते. देवदर्शनालाही नाही, आणि आंब्याला तर अजून नुसता मोहोर होता. मी गेले होते तिथल्या एका शाळेतले दोन कॉम्प्युटर उचलून कोल्हापूरला आणायला. पिशवीत दोन गोणपाटं, सुतळीचा गुंडा आणि वरच्या कार्यालयानं दिलेला एक छापील तक्ता होता. पाच दिवसांनी परत आले ती तीच गोणपाटं घेऊन, रिकामी. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, बाई, समुद्र कसा होता? समुद्र चांगला होता. बाकी काय झालं ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी गणित शिकवते, बावीस वर्षं झाली. एकविसावं शतक येतंय असं हल्ली रेडिओवर उठता-बसता सांगतात. त्या शतकासाठी सरकारनं निवडक शाळांना दोन-दोन कॉम्प्युटर दिले. आमच्या शाळेला दिले नाहीत, मला ट्रेनिंग मात्र दिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे एका इंजिनिअरिंग कॉलेजात बसून मी ते यंत्र शिकले आणि परत आले तर शाळेत यंत्रच नाही. हात विसरू नये म्हणून पुठ्ठ्यावर सगळ्या कळा काढल्या आणि रोज जेवणं उरकली की त्यावर बोटं चालवत बसायची. घरातल्यांनी आधी हसून घेतलं, मग काळजी करायला लागले.

अशात वरून निरोप आला. रत्नागिरीच्या एका शाळेत यंत्रं नियमानं ठेवलेली नाहीत अशी तक्रार आहे. जाधवबाईंनी जाऊन तपासावं, आणि तक्रार खरी निघाली तर यंत्रं तिथून हलवून आमच्या शाळेला द्यावीत. आमच्या मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी खोलीला रंग दिला. दारावर पाटीसुद्धा लागली, 'संगणक कक्ष', खाली माझं नाव. ज्या शाळेला यंत्रं मिळायची तिचीच बाई तपासायला निघालीय, हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

सोमवार. घाट उतरल्यावर

आंबा घाट उतरला की हवा बदलते हे ऐकून होते. अंगाला चिकटल्यावर पटलं. रत्नागिरीच्या स्टँडवर नलिनी शिवलकर घ्यायला आल्या होत्या. त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अंगानं काटकुळ्या, आणि बोलणं असं की वाक्याच्या शेवटी आवाज अलगद वर जाऊन खाली यायचा. आमच्याकडं माणूस नुसतं 'चहा घ्या' म्हणाला तरी शेजारच्या आळीत ऐकू जातं. इथं रिक्षावाला आणि नलिनीबाई पाच मिनिटं काहीतरी गोड गोड बोलत होते. रिक्षा सुटल्यावर कळलं की ते भांडण होतं आणि बाईंनी ते जिंकलं होतं.

लॉजवर राहायचं माझं ठरलं होतं. ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. त्यांचं घर मांडवीला. अंगणातून समुद्र दिसत नाही, ऐकू येतो. नवरा मुंबईला नोकरीला, घरी त्या आणि त्यांचे सासरे, तात्या. तात्या तीस वर्षं मालाच्या बोटींवर वायरलेस ऑपरेटर होते. बोटीवरचा तारवाला म्हणा. टक-टक-टक करून संदेश पाठवायचे आणि कानाला लावून दुसऱ्यांचे ऐकायचे. आता ऐकायला कमी येतं. बोलतात थोडं, पण जे बोलतात ते हुकूम दिल्यासारखं.

जेवायला बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आम्ही मटण खाणारी माणसं, काटे काढत बसायची सवय नाही. पहिल्याच घासाला काटा घशात. तात्यांनी न बोलता भाताचा मुटका करून माझ्यापुढं धरला. तो न चावता गिळला तेव्हा काटा खाली गेला. तोंड दाखवायला जागा राहिली नाही, म्हणून मी मोठ्या थाटात पिशवीतून आमची कांदा-लसूण चटणी काढायला गेले. चटणीच्या डब्याबरोबर गोणपाटं आणि सुतळीही बाहेर आली.

नलिनीबाईंनी ती उचलली. व्यवस्थित घडी घातली, सुतळीचा गुंडा वर ठेवला आणि माझ्या पिशवीत परत ठेवली. मग चटणीचा वास घेऊन म्हणाल्या, छान आहे हो. एवढंच. मला तिथंच कळलं की यांना सगळं ठाऊक आहे, आणि तरीही यांनी मला घरी आणून जेवायला घातलंय.

मंगळवार. बंद खोली

शाळा जांभ्या दगडाची, मोठ्या आवाराची. मुख्य इमारत दुमजली. आवाराच्या दुसऱ्या टोकाला जुनी कौलारू बैठी इमारत, तिथं मुलींचे वर्ग. मध्ये माडांच्या दोन रांगा. हेडसर गृहस्थ सज्जन होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस जसा सज्जन असतो तसे. त्यांनी स्वतःच्या जानव्यातली किल्ली काढून वरच्या मजल्यावरची खोली उघडली. चपला बाहेर. आत पडदे, पंखा, भिंतीवर 'शांतता राखा', आणि टेबलावर गुलाबी प्लॅस्टिकखाली झाकलेलं यंत्र.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. टाइपरायटरसारखी कळांची पेटी, तिला जोडलेला लहानसा टीव्ही, आणि बाजूला फ्लॉपी नावाची पातळ काळी चकती वाचणारा डबा. सगळे धडे त्या चकतीत. डबा नसेल तर यंत्र सुरू होतं, पण त्याच्याकडं शिकवायला काही नसतं.

यंत्र एकच होतं. तक्त्यात दोन लिहिली होती. मी विचारलं, दुसरं? हेडसरांनी चष्मा पुसला. दुरुस्तीला गेलंय म्हणाले, कोकणातली खारी हवा, तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा मागून नलिनीबाई त्याच गोड चालीत बोलल्या.

"दुरुस्तीला नाही गेलेलं, सर. मुलींच्या वर्गात आहे. मी स्वतः उचलून नेलंय."

हेडसरांनी डोळे मिटून घेतले. माझ्या मनात काय आलं ते सांगते: झालं, काम झालं. तक्त्यातला चौथा प्रश्नच होता, 'यंत्रे नेमून दिलेल्या खोलीतच आहेत काय?' उत्तर नाही असेल तर पुढं काही तपासायचीसुद्धा गरज नव्हती. मला दारावरची पाटी दिसायला लागली.

कौलारू वर्गात गेले तर नववीच्या तीस-एक मुली तीन-तीन करून एका बाकावर, आणि पुढच्या टेबलावर दुसरं यंत्र. आणि सगळ्या चपला घालून! खिडक्या सताड उघड्या. यंत्राच्या मागून एक दुहेरी तार निघाली होती. ती खिडकीतून बाहेर, तिथून पहिल्या माडावर, मग दुसऱ्या, आणि अशी माडा-माडांवरून वरच्या मजल्याच्या खिडकीत. जिथं तार माडाला टेकत होती तिथं काथ्यानं बांधलेली, आणि प्रत्येक दोन माडांमध्ये मुद्दाम झोळ सोडलेला, वाऱ्यानं माड हलले तर तुटू नये म्हणून. मी विचारलं, जमिनीतून का नाही नेली? नलिनीबाई म्हणाल्या, पहार मारून बघा. खाली सगळा जांभा.

कारण असं होतं. यंत्रखोलीत वर्गाच्या वेळात मुलगे बसायचे. मुलींची पाळी शाळा सुटल्यावर, पाच वाजता लावलेली. आणि आरे-वारेकडची एसटी सुटायची पाचलाच. वर्षभर वेळापत्रकात मुलींची पाळी लिहिलेली होती आणि वर्षभरात एकाही मुलीनं कळ दाबलेली नव्हती. नलिनीबाईंनी तीन अर्ज केले. हेडसर म्हणाले, नियम माझा नाही. मग एका दुपारी त्यांनी यंत्र चादरीत गुंडाळलं आणि लहान मूल उचलावं तसं उचलून आवार ओलांडलं. यंत्र आलं, पण चकती वाचणारा डबा एकच, तो वरच राहिला. तो हलवला असता तर मुलग्यांचं बंद पडलं असतं. तिथं तात्या पुढं झाले. बोटीवरच्या पेटीतली जुनी तार, कैची, आणि तीन रविवार. आता वरच्या डब्यातला धडा तारेतून एक-एक अक्षरानं खाली येतो. सावकाश येतो. मुली तोवर तोंडी उदाहरणं सोडवतात.

आणखी एक गोष्ट पाहिली. वर मुलगे दिवसभर खाली काहीतरी पाठवत बसायचे, त्यामुळं खालून मुलींना काही सांगायचं तर तार मोकळीच नसायची. तात्यांनी त्यावर बोटीवरचा नियम आणला. बोटींवर म्हणे दर तासाला दोनदा तीन-तीन मिनिटं जगातला प्रत्येक तारवाला स्वतःचं पाठवणं थांबवतो आणि नुसतं ऐकतो. कुणी बुडत असेल तर त्याची हाक कानावर यावी म्हणून. सव्वाला एकदा आणि पाऊणला एकदा. तोच नियम शाळेत. घड्याळात ती वेळ झाली की वरच्या मुलग्यांनी हात वर करून बसायचं. त्या तीन मिनिटांत पडद्यावर फक्त मुली लिहिणार.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, इथं कोण बुडतंय? नलिनीबाई म्हणाल्या, ते विचारल्याशिवाय कळत नाही, बाई.

बुधवार. आरे-वारे

तपासणी संपली होती, तरी नलिनीबाई म्हणाल्या, एक दिवस राहा, समुद्र तरी बघा. त्यांचा डाव माझ्या लक्षात आला होता. तरी मी गेले. कोल्हापूरची बाई डावाला घाबरत नाही.

पाचची गाडी धरली. आमच्याबरोबर नववीतली कुंदा होती. बुटकी, वेण्या घट्ट, नजर खाली. बाप मच्छीमार बोटीवर, भाऊ मुंबईत. वर्गात तिनं माझ्याकडं मान वर करूनही पाहिलं नव्हतं. गाडीनं आम्हाला सड्यावर सोडलं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळ. काळं-तांबडं, वर वाळलेलं गवत, आणि मैलभर एक झाड नाही. मग वाट एकदम खाली वळली आणि मी जागच्या जागी उभी राहिले.

आता समुद्राचं सांगते. दोन्ही बाजूंना दोन किनारे आणि मध्ये पुढं आलेला डोंगर. खाली सुरूची झाडं. वाळूवर एक माणूस नाही. सूर्य पाण्याला टेकत होता आणि आवाज असा की मला माझंच बोलणं ऐकू येईना, हे आयुष्यात फार वेळा घडलेलं नाही. आमच्या रंकाळ्यावर संध्याकाळी भेळवाले आणि माणसं दाटलेली असतात. इथं एवढं पाणी आणि बघायला कोणी नाही. मला रडू आलं. का ते विचारू नका, आलं.

कुंदा तिथं थांबली नाही, तिला रोजचंच. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून ती आमच्या पुढं भराभर उतरत होती आणि मी धापा टाकत मागं. दोन ठिकाणी बसून उतरले, साडी फाटली. घरी तिच्या आईनं गरम कुळथाची पिठी आणि भात वाढला. आमच्याकडं पाहुण्याला चटकन असं साधं वाढत नाहीत, आधी कोंबडीमागं धावतात. इथं त्या बाईनं घरात होतं ते वाढलं आणि लाजली नाही. मला ती पिठी मटणापेक्षा बरी लागली, हे कोल्हापुरात कुणाला सांगू नका.

जेवताना आईनं तिच्या बोलीत हळूच विचारलं की पोरगी सांगते ती मशीन खरोखर लिहिते काय. कुंदा घरात चार शब्दसुद्धा बोलत नाही, पण मशीनवर म्हणे सगळं सांगते. कुंदानं आईला गप्प केलं. मग आई म्हणाली की दहावीनंतर हिला मुंबईला भावाकडं स्वयंपाकाला पाठवायचं ठरलं होतं. आता शिवलकरबाई येऊन बसतात, म्हणतात पुढं शिकवा. नवरा बोटीवरून आला की बघू.

मी भात कालवत राहिले. माझी पिशवी रत्नागिरीला होती, तरी ती गोणपाटं मला तिथं मांडीवर असल्यासारखी वाटली. सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही तिघी परत निघालो.

गुरुवार. शहाळं

गुरुवारी दुपारी प्रात्यक्षिक. मीच मागितलं होतं. म्हटलं, पाठ करून ठेवलेलं काही नको, मला तार चालताना बघायचीय. हेडसर रात्रभर झोपले नसावेत. सकाळी येऊन मला बाजूला घेतलं आणि सुचवलं की दुसरं यंत्र आजच वर आणू, तार काढून टाकू, तुम्ही दोन्ही खोलीत आहेत असं लिहा, सगळेच सुटू. माणूस वाईट नव्हता. मी अजून हो-नाही करत होते, एवढ्यात नलिनीबाई आल्या. त्यांनी ते ऐकलं होतं.

"सर, खोटं लिहून वाचवायचं असेल तर नको. मशीन तिथंच राहील, आणि तिथंच आहे असंच लिहायचं. मला काढायचं असेल तर काढा."

आवाज तसाच, वर जाऊन खाली येणारा. मला आधी कळलंच नाही की ही बाई आपली नोकरी पणाला लावतेय. 

हेडसर पाठ फिरवून आवारात गेले. पण पाहुणीचा मान राखायला हवा म्हणून त्यांनी पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, बोलावून ठेवलं होतं. कोकणात पाहुण्याला शहाळं दिल्याशिवाय कामाला सुरुवात होत नाही. गंगाराम नावाचा तो म्हातारा कोयता कमरेला लावून सरसर चढला. मी खाली व्हरांड्यात खुर्चीवर. शहाळं फोडून हातात आलं, मी तोंडाला लावलं आणि वा वा म्हटलं. गोड होतं हो! तेवढ्यात कौलारू वर्गातून मुली धावत आल्या. पडदा बंद पडलाय.

गंगारामनं झावळी साफ करताना तार तोडली होती. त्याला वाटलं, जुनी वेल सुकलीय. मी शहाळं हातात धरून तशीच उभी. माझ्याच मानपानानं तार तुटली होती आणि अर्धं शहाळं माझ्या पोटात होतं.

गंगाराम बिचारा डोकं धरून बसला. तात्यांना मांडवीहून रिक्षानं आणलं. त्यांनी वर बघितलं आणि एकच म्हणाले, आधी दोर, मग तांबं. म्हणजे आधी दोन टोकं काथ्यानं अशी बांधायची की ओढ सगळी गाठीवर यावी, आणि मग तांब्याच्या तारा सैल ठेवून जोडायच्या. गंगारामनं टोकं खाली सोडली. गाठ कुंदानं मारली. बापाचं जाळं ती रोज सांधते. दोन्ही टोकं एकमेकांत अशी गुंतवली की तात्यांनी ओढून पाहिली आणि मान हलवली. तारेचं वरचं आवरण तिनं दातानं सोललं. मी ओरडले, तर ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली. जोड पावसापाण्यात गंजू नये म्हणून त्यावर काजूच्या टरफलाचं तेल फासलं, होड्यांना फासतात ते. वास असा की डोळ्यांत पाणी. गंगाराम परत चढला आणि आता त्या तारेला हात लावताना देवाच्या मूर्तीला लावावा तसा लावत होता.

साडेतीन वाजले. मी वर यंत्रासमोर बसले, बाजूला हेडसर, मागं नलिनीबाई. धडा खाली गेला, खालून उत्तरं आली. गणितं बरोबर होती. दोन चुकली, ती मीसुद्धा चुकले असते. मी तक्ता काढला, पेन उघडलं. चौथा प्रश्न समोर.

पावणेचार झाले. मुलग्यांनी हात वर केले. कुणाला सांगावं लागलं नाही. खोलीत पंखा सोडला तर आवाज नाही. मी पेन खाली ठेवलं, कारण नियम तो नियम, मी पाहुणी असले तरी.

पडद्यावर अक्षरं यायला लागली, एक-एक करून. अक्षरं इंग्रजी, कारण यंत्राला देवनागरी येत नाही. भाषा मात्र आरे-वारेची.

"बाई, तुमी आमची मशीन न्यायला आलाव काय?"

मी मागं वळून पाहिलं.  नलिनीबाईंनी नाही म्हणून मान हलवली, म्हणजे हे त्यांनी पढवलेलं नव्हतं. पडद्यावर आणखी आलं.

"शिवलकर बाई काय बोलत नाय. म्हणून मी इचारतंय. कुंदा."

जी पोर घरी दोन हात अंतरावर बसून माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती दोनशे हातांवरून माझ्या तोंडावर विचारत होती. आणि विचारत होती ते खरं होतं. हेडसर कुजबुजले की बाई, वेळ संपेपर्यंत थांबा, नंतर बघू. खरंच सोपं होतं. तीन मिनिटं गप्प बसायचं, की मुलगे हात खाली घेणार आणि तार पुन्हा त्यांची.

मी गप्प बसणारी बाई नाही. पण खरं सांगते, त्या वेळी पहिलं मिनिट मी गप्प बसले. पुठ्ठ्यावरच्या कळा आठवल्या. रंग दिलेली खोली आठवली. माझ्याही शाळेत मुली आहेत, त्यांचं काय, हेही मनात आलं, आणि ते खोटं नव्हतं. मग माझाच मला राग आला.  ज्यांनी चादरीत गुंडाळून, माडावर चढून, दातानं तार सोलून हे मिळवलं, त्यांच्याकडून उचलून मी माझ्या मुलींना काय शिकवणार होते?

वर्षभर पुठ्ठ्यावर फिरवलेली बोटं पहिल्यांदा कामाला आली. मी लिहिलं, "हो. आले होते."

आणि खाली, "नेणार नाही."

 मग एक शब्द आला.

"बरा."

मुलग्यांनी हात खाली घेतले. वेळ संपली होती. तिकडून ओरडा नाही, टाळ्या नाहीत. कोकणी माणसं. नलिनीबाई खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या आणि पदरानं काय पुसत होत्या ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग मी तक्ता भरला. चौथ्या प्रश्नापुढं लिहिलं: 'एक आहे. दुसरे मुलींच्या वर्गात आहे. तिथेच असावे.' शेरा या रकान्यात लिहिलं: 'नियम चुकीचा आहे. पाचची एसटी पाहून नवा करावा.' खाली पूर्ण नाव, शाळेच्या शिक्क्याची जागा सोडून. हेडसरांनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं. मग स्वतःचं पेन काढून माझ्या सहीखाली त्यांनी सही केली. सही चांगली मोठी आली.

शुक्रवार. घाट चढून

निघताना तात्यांनी आंबापोळी बांधून दिली आणि नलिनीबाईंनी काजूच्या तेलाची बाटली. ती एसटीत सांडली. माझी पिशवी, साडी, गोणपाटं आणि शेजारचे एक गृहस्थ, सगळ्यांना तो वास घाटभर पुरला. ती साडी अजून अंगणात वाळत आहे.

इथं काय झालं ते थोडक्यात सांगते. वरून मला ज्ञापन आलं. यंत्रं नियमाबाहेर असल्याचं स्वतः लिहूनही ती तिथून हलवण्याची शिफारस का केली नाही, याचा खुलासा तीन दिवसांत. आमच्या मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. ते आमच्याच भाषेत बोलले, म्हणजे बाहेर शिपायापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. खोलीचा रंग, पाटी, शाळेचं नाव. वर मी माझ्याच शाळेचं नुकसान केलं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या मुलींना यंत्र मिळालं नाही, ते माझ्यामुळं. ते ओझं माझं आहे आणि मी ते कुणावर ढकलत नाही. सोमवारपासून नववीच्या मुलींना एकेक पुठ्ठा आणायला सांगितलाय. जेवढं येतं तेवढं शिकवते. दुसऱ्याचं उचलून आणण्याऐवजी आमच्यासाठी नवं मागा, असा अर्जही केलाय. तो दर महिन्याला करणार.

रत्नागिरीहून नलिनीबाईंचं कार्ड आलं. यंत्र अजून तिथंच आहे. पुढचं माहीत नाही. कुंदाचा बाप बोटीवरून आला आणि शाळेत येऊन तार बघून गेला. गाठ कुणी मारली म्हणून विचारलं म्हणे.

खुलासा मी एकाच ओळीचा लिहिला: 'सदर यंत्र नेणार नाही असा एका विद्यार्थिनीला लेखी शब्द दिला आहे.' मुख्याध्यापकांनी तो वाचून विचारलं, लेखी? मग कागद कुठाय? मी सांगितलं की कागद नाही, पडद्यावर लिहिलं होतं. त्यांना यंत्राची एवढी माहिती होती की वीज बंद केली की पडद्यावरचं सगळं पुसलं जातं. ते म्हणाले, मग बाई, आता ते कुठं उरलंय?

मी म्हटलं, "जिच्यासाठी लिहिलं तिनं वाचलंय, सर."